छताला डावं-उजवं नसतं

२ जून, सकाळी

डायरी जुनीच, मधली पानं कोरी सापडली. संकल्प एकच. हॉलमधल्या होम थिएटरचा आवाज या महिन्यात मार्गी लावायचा म्हणजे लावायचा.

तक्रार अशी: डावीकडचा मागचा स्पीकर दबलाय. पुढचा डावाही थोडा. सिनेमात पाऊस पडला तर तो माझ्या फक्त उजव्या खांद्यावर पडतो. नायिका डावीकडून हाक मारते तेव्हा ती शेजारच्या बिल्डिंगमधून कुणा भलत्यालाच बोलावतेय असं वाटतं.

बायको म्हणाली, अहो, कान दाखवून घ्या. तिला टेक्निकल गोष्टींतलं काही कळत नाही. त्यामुळे राग धरला नाही.

३ जून

शास्त्रीय पद्धतीने चाचणी. डावा स्पीकर उजवीकडे नेला, उजवा डावीकडे आणला. तरी डावीकडूनच कमी. म्हणजे स्पीकर निर्दोष. वायरी बदलल्या. तेच. मग ॲम्प्लिफायरबरोबर आलेला छोटा माइक सोफ्यावर ठेवून मशीनकडूनच मोजणी करून घेतली. स्क्रीनवर आलं, दोन्ही बाजू समान.

माइक खराब आहे.

निष्कर्ष: दोष खोलीत आहे. आमचा हॉल डावीकडून बहिरा आहे.

५ जून

माइकचं न ऐकता डावी बाजू हाताने वाढवली. आता कुठे जरा बरं. पण मुलगी सोफ्यावर डावीकडेच बसते. ती कानावर उशी दाबून उठली आणि आपल्या खोलीत गेली. बायको तर केव्हाचीच स्वयंपाकघरात फोनवर मालिका बघते, कानात इअरफोनची बोंडं घालून. घरात माणसं तीन आणि एवढ्या मोठ्या पडद्यापुढे मी एकटा, जाहिरातीतल्या माणसासारखा.

पूर्वी रविवारी आम्ही तिघं एकाच पांघरुणात पाय घालून सिनेमा बघायचो. भुताचा असला की मुलगी माझ्या दंडात नखं रुतवायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी मुद्दाम बाह्या दुमडून बसायचो. कुणी विचारलंच तर सांगायला बरं.

आवाज नीट झाला की सगळे परत येतील. माणसं आवाजाला येतात.

६ जून

बायकोने कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती म्हणे. मला विचारलं होतं म्हणे. मी हो म्हणालो होतो म्हणे! वेळ रद्द केली.

तिच्या समाधानासाठी घरच्या घरी तपासणी मात्र केली. उजव्या कानाशी बोटं चोळली. स्वच्छ खरखर. डाव्याशी चोळली. काही नाही. डावा हात फारसा वापरात नसतो, त्यामुळे त्याची कातडी मऊ आहे.

८ जून, रविवार

शोध लागला. उगाच नाही लोक मला चिकट म्हणत.

छतात स्पीकर! स्पीकरच्या दुकानात जाऊन डेमो पाहिला. विमान डोक्यावरून जातं, वरच्या मजल्यावर कुणी चाललं की चाललेलं कळतं, पाऊस डोक्यावर पडतो. (दुकानातही डावीकडून जरा कमीच वाटलं. त्यांचीही खोली वाईट आहे. आता तोंडावर कसं सांगणार?)

आणि मुख्य मुद्दा, जो त्या दुकानदाराच्याही लक्षात आला नव्हता: छताला डावं-उजवं नसतं. आवाज वरून आला की वाद मिटला.

दोन स्पीकर घेऊन घरी आलो. बायकोने खोक्याकडे पाहिलं, मग छताकडे, मग माझ्याकडे. काहीतरी पुटपुटली. हल्ली ती फार पुटपुटते. पूर्वी खणखणीत बोलायची.

१० जून

आज फार बरं वाटलं. मी सोफ्यावर उताणा पडून छतावर कुठे भोकं पाडायची ते बघत होतो, तर मुलगी आपणहून येऊन डावीकडे बसली. बराच वेळ बोलत होती. टीव्ही चालू होता, पण मुद्दा कळला. तार लांब आहे, असं काहीसं म्हणाली. मग घर, मग पुन्हा लांब. म्हणजे छतापर्यंतच्या वायरीची तिला काळजी! मी म्हटलं, तार लांब असली तर असू दे, जास्तीची कापून टाकू.

ती माझ्याकडे बघतच राहिली. डोळ्यांत पाणी होतं. मी पेन्सिलीने खुणा करताना छताचा चुना उडाला होता, तो गेला असणार. तोंड धुवायला आत गेली ती आलीच नाही.

लेकीला माझ्या कामात रस वाटतोय. आता माघार नाही.

१२ जून

मुलगी बोलत नाही. जेवताना ताटात बघून जेवते. बायकोला विचारलं, हिला काय झालं? बायको म्हणाली, तुम्हीच बोला तिच्याशी, मी मध्ये पडणार नाही. हे नीट ऐकू आलं, कारण ती समोर उभी राहून एकेक शब्द मोजून बोलली.

मी मुलीला म्हटलं, रविवारपर्यंत थांब, मग बघ. तिने मान हलवली. होकार की नकार, ते कळलं नाही.

१४ जून

फिटर आला. कशालाही ‘होऊन जाईल’ म्हणतो, म्हणून मी त्याचं नावच होऊन-जाईल ठेवलंय. पहिलं भोक चुकलं. दुसरं बरोबर होतं, पण आत सळई लागली. तिसऱ्याला मला राहवेना. ड्रिल त्याच्या हातातून घेतलं. ड्रिल अडकलं आणि ड्रिलऐवजी माझं मनगट फिरलं.

होऊन-जाईल म्हणाला, काका, होऊन जाईल. उजवा हात सुजून पाव झालाय. हे डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं.

छताला पाच भोकं, स्पीकर दोन. उरलेल्या भोकांत दिवे लावले तर शोभा येईल.

१७ जून

माझं काम म्हणजे पाण्याच्या पंपांच्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचे. लोक फोन पंपाला लावतात आणि मी आवाजावरून सांगतो, बेअरिंग गेलंय की हवा धरलीय. या कामात माझा हात धरणारा कुणी नाही. म्हणजे नव्हता.

आज उजव्या हाताला पट्टा, म्हणून रिसीव्हर डाव्या हातात, डाव्या कानाला. सकाळपासून एकही लाइन लागली नाही. फोन वाजायचा, मी उचलायचो, पलीकडे चिडीचूप. मी हॅलो हॅलो करून ठेवून द्यायचो. अशा किती लोकांना ठेवून दिलं देव जाणे. दुपारी लाइन बंद असल्याची लेखी तक्रार दिली. तक्रार विभागानेच तक्रार दिली म्हणून शेजारच्या टेबलावर हसले.

लाइनमन येऊन बघून गेला. लाइन ठणठणीत.

मग मी सहज रिसीव्हर उजव्या कानाला लावला. एक बाई ओरडत होती, घरात पाण्याचा थेंब नाही, तान्हं मूल आहे, तुम्ही फोन आपटता कसे? डाव्या कानाला लावला. शांत. उजव्याला लावला. रडत होती.

रिसीव्हर सदोष आहे. एका बाजूनेच चालतो.

१८ जून

साहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. एवढी माया दाखवली तेव्हाच काय ते ओळखलं. म्हणाले, बरीच वर्षं फोनवर काढलीत, आता जरा पत्रव्यवहाराकडे या. उद्यापासून आतल्या खोलीत बसायचं. टेबलावर फोन नाही.

ही बढतीच म्हणायची. स्वतंत्र खोली. खिडकी नाही, पण एकाग्रता होते.

बायकोला सांगितलं नाही.

१९ जून

पंपाचं एक पत्र आलं. लिहिलं होतं, ‘पंपातून कुईकुई असा आवाज येतो.’ बराच वेळ बघत बसलो. कुईकुई किती प्रकारची असते! कागदावर काय डोंबल कळणार?

२० जून

आज काही लिहायचं नाही.

आंघोळ करताना नळ बारीक सोडला आणि डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे वळवलं. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. बायकोने दार वाजवलं तेव्हा पाणी गार झालं होतं. तिने फार वेळ वाजवलं असावं. तिच्या हाताची मागची बाजू लाल दिसत होती.

काही लिहायचं नाही म्हटलं ना.

२२ जून, रविवार

स्पीकर बसले! होऊन-जाईलचं अखेर होऊन गेलं. दोघींना हात जोडून हॉलमध्ये आणलं. म्हटलं, फक्त एक सिनेमा, मग आयुष्यात काही मागणार नाही. बायको उजवीकडे, मुलगी डावीकडे, मी मध्ये. पांघरूणही आणलं. उकडत होतं, पण पाय घातले.

युद्धाचा सिनेमा लावला. हेलिकॉप्टर आलं. दोघींनी दचकून वर पाहिलं.

मीही पाहिलं. जरा उशिरा. म्हटलं, बघा! वरून आलं की नाही? त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. पुढच्या वेळी मी पडद्याकडे न बघता मुलीच्या डोळ्यांकडे बघत बसलो. तिची मान वर झाली की माझी वर. ही युक्ती छान चालली. सिनेमात काय झालं ते विचारू नये.

मग कमाल झाली. दोघींनी एकदम डावीकडे, दाराच्या दिशेने पाहिलं. मी टाळी वाजवली. म्हटलं, आवाज फिरतोय! दारापर्यंत गेला! पुन्हा पाहिलं. मी म्हटलं, बसा, बसा, मजा घ्या. मुलगी उठायला लागली तर मी तिचा हात धरून खाली बसवलं.

तिने हात सोडवला, जाऊन दार उघडलं. दारात वरच्या मजल्यावरचे काका. घामाघूम, लालबुंद. त्यांच्या जमिनीतून हेलिकॉप्टर उडत होतं आणि ते केव्हापासून आमची बेल दाबून धरून उभे होते.

बेल दाराच्या वर आहे. म्हणजे माझ्या डावीकडे.

मुलीने टीव्ही बंद केला. काका काही न बोलता निघून गेले. बोलले असतील तर मला कळलं नाही.

२३ जून

मुलगी सकाळी माझ्या उजवीकडे येऊन बसली. माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, जसं मी तिला लहानपणी औषध देताना वळवायचो. म्हणाली, बाबा, मी काय बोलतेय ते ऐकू येतंय? मी म्हटलं, न यायला काय झालं?

मग तिने सांगितलं. तिला नोकरी लागलीय. परक्या गावी, रेल्वेने जायला रात्र आणि वर दिवस लागतो इतक्या लांब. एक तारखेला हजर व्हायचंय. त्या दिवशी सोफ्यावर तिने मला हेच विचारलं होतं. बाबा, एक तारखेला जायचंय, लांब आहे, घर सोडून जाऊ की नको? आणि मी छताकडे बघत म्हणालो होतो, कापून टाकू.

तिला वाटलं मी रागावलोय. इतका, की नातंच कापायला निघालोय. दोन आठवडे ती हे मनात धरून माझ्यासमोर जेवत होती. नोकरीला नकार कळवायचं पत्रही लिहून ठेवलं होतं, फक्त पाठवायचं राहिलं होतं.

मी म्हटलं, खोलीचा दोष आहे गं.

ती म्हणाली, बाबा, आपण आत्ता स्वयंपाकघरात बसलोय.

बायको ओट्याशी पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. आवाज आला नाही. मी उठून तिच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, घे वेळ त्या डॉक्टरांची. मग ऑफिसातल्या आतल्या खोलीचंही सांगून टाकलं. ती म्हणाली, माहीत आहे, साहेबांचा फोन आला होता.

मुलीला म्हटलं, ते पत्र फाड. जा तू. खुशाल जा.

२७ जून

कानाचा दवाखाना. काचेची छोटी खोली, आत स्टूल आणि हेडफोन. तपासणाऱ्या बाई काचेपलीकडे. त्यांच्यामागे बाकावर बायको आणि मुलगी. बाईंनी सांगितलं, बारीक शिट्टी ऐकू आली की हात वर करायचा.

मी ठरवूनच गेलो होतो, पास व्हायचं. बाईंच्या खांद्यावर नजर ठेवली. खांदा हलला की बटण दाबलं जात असणार. खांदा हलला, हात वर. पुन्हा हलला, पुन्हा वर. एकही सोडली नाही. काचेतून मुलीला अंगठाही दाखवला.

बाईंनी दार उघडलं, हेडफोन सरकवून माझ्या उजव्या कानाशी वाकल्या. म्हणाल्या, काका, मी अजून सुरू केलेलं नाही. तुमचं नाव लिहितेय.

मग त्यांनी माझं स्टूल भिंतीकडे फिरवलं. उजवा कान झाला. बऱ्याच वेळा हात वर केला, त्यात खोट नाही. म्हणाल्या, आता डावा.

डोळे मिटले. हात मांडीवर तयार ठेवला. पहिलीच शिट्टी चुकायला नको म्हणून श्वासही हळू घेत होतो. बाईंची तयारी चालली असावी, वेळ लागत होता. लागू दे म्हटलं. मला कुठे घाई आहे?

मग कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. डोळे उघडले तर मुलगी उभी. डावा कान झाला होता.