एक परिच्छेद फक्त आक्कासाठी

इचिकावा,
८ जून २०२४

चि. शुभास,
अनेक आशीर्वाद.

तुला एक थोरली बहीण होती, ती अजून आहे. मला इथं येऊन महिना झाला, तुझी एक ओळ नाही. बत्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलीस आणि घरातलंच नाव गाळलंस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला लिहिता येत नाही, तेव्हा हे पत्र मैथिली लिहिते आहे. तिला बजावलंय, मी बोलते तसंच लिही, सासूचं म्हणून सुधारू नकोस.

मी ठणठणीत आहे. प्रल्हाद सातला निघतो तो रात्री नऊला येतो. ऑफिसात त्याला प्रल्हाद-सान म्हणतात. घरी मीही तसंच म्हणते, मग त्याला मुकाट्यानं माझ्यासाठी पाणी आणावं लागतं. क्षिप्रा आठ वर्षांची झाली. मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते, त्यामुळे आजी-नातीचं अजून एकदाही भांडण झालेलं नाही.

इथं कचऱ्यालाही वार आहेत. देवाची वाळलेली फुलं कुठल्या वारात बसतात हे ठरवायला मैथिलीनं तक्ता दोनदा वाचला. जळणाऱ्या कचऱ्यात बसतात. मी देवाची माफी मागितली आणि पिशवी बांधली. परवा स्टेशनवर एक पाटी मैथिलीलाही लागेना. शिकलेलं माणूस माझ्याशेजारी माझ्यासारखंच उभं राहिलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

प्रल्हाद रोज विचारतो, कराडला एकटी नीट राहतेस ना. मी सांगते, तुझे वडील गेल्याला दहा वर्षं झाली, आता सवय व्हायची काय राहिलीय? तुम्ही इथं नीट राहा. मैथिलीनं इथल्या बालवाडीत पाच वर्षं अर्धवेळ काम केलं, एप्रिलपासून तिला कायम केलंय. हे लिहिताना लाजतेय, लाजू दे.

लोभ आहेच, वाढवायचा असेल तर दोन ओळी टाक.

तुझी,
आक्का

*

कराड,
१८ जून २०२४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. रागवायची सोय तूच ठेवत नाहीस, वाचताना एकटीच हसत होते. तुझ्या कुंड्यांना शेजारची सुनीता रोज पाणी घालते. आमच्या गल्लीतला अंबरीष कंपनीच्या कामानं पंचवीस जुलैला टोकियोला निघतोय. काय पाठवू ते कळव.

आता हा परिच्छेद फक्त तुझ्यासाठी. मैथिलीला यातलं काही कळता कामा नये. मार्चमध्ये न्हाणीघरात पडलीस ते तू अजून सांगितलेलं दिसत नाही. सुनीतानं दूध घेऊन दार वाजवलं नसतं तर किती वेळ तशीच पडून राहिली असतीस? डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय, यापुढं एकटं राहायचं नाही. दर दिवाळीला ही मंडळी पंधरा दिवस येतात आणि तू खुर्चीत बसून हुकूम सोडतेस, म्हणून तुझं चालणं त्यांनी कधी पाहिलंच नाही. तिथली घरं लहान, भिंत हाताशी असते, म्हणून तिथंही खपून गेलं असेल. प्रल्हाद सगळं सोडून येईल ही तुझी भीती मला कळते. पण माझी मागची खोली रिकामी आहे, हे मी चौथ्यांदा सांगते आहे आणि तू चौथ्यांदा विषय बदलशील.

तब्येतीला जप. मुलांना आशीर्वाद, आणि माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
शुभा

*

इचिकावा,
६ जुलै २०२४

चि. शुभास,
आशीर्वाद, पण आज मोजके.

अगं शहाणे, फक्त माझ्यासाठी म्हणून लिहिलंस, पण माझ्यासाठी वाचतं कोण? मैथिली त्या जागी आली, थांबली आणि एकदम शेवटच्या आशीर्वादावर गेली. मला अक्षर येत नाही, पण डोळे ओळी उतरत असताना तोंड मिटलेलं असलं तर ते दिसतं. मी विचारलं नाही, तीही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात रबरी चटई आली. माझी आंघोळ होईपर्यंत ती दाराबाहेर कपड्यांच्या घड्या घालत बसली. चार दिवस त्याच कपड्यांच्या घड्या.

पाचव्या दिवशी मीच म्हटलं, बाई, तो परिच्छेद आता वाच. तिनं सगळा वाचला. मग म्हणाली, आई, प्रल्हादला कळलं तर तो दुसऱ्या दिवशी राजीनामा देईल, म्हणून मी गप्प राहिले, आणि गप्प राहिले याचीच लाज वाटतेय. मी म्हटलं, मी मार्चपासून गप्प आहे, तू रांगेत माझ्यामागे उभी राहा.

रविवारी दोघींनी मिळून त्याला सांगितलं. तो ओरडला नाही. ताट तसंच टाकून गॅलरीत उभा राहिला. आत आला तो म्हणाला, मार्चपर्यंत सगळे कराडला जाऊ. त्याचं बोलणं संपायच्या आधी मैथिली हो म्हणाली. कायमच्या नोकरीला तिला जेमतेम तीन महिने झालेत, शुभा. ती भांडली असती तर ‘मी एकटी नीट राहते’ हे खोटं मी सुखानं बोलत राहिले असते.

त्या हो-नंतर तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग दोघांना बसवून सांगितलं, कुणी कुठं यायचं नाही, मी शुभाच्या मागच्या खोलीत राहायला जाते. माझ्या घराला कुलूप लावायचं. हे मी एकदा बोलले, मैथिलीनं लिहिलं, आता पुन्हा वदवून घेऊ नकोस. प्रल्हादनं एकच अट घातली. पडले, धडपडले, काहीही झालं तरी त्याच दिवशी त्याला फोन, आणि तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून तो सुनीतानं करायचा. मी कबूल झाले. त्या रात्री तो माझ्या उशाशी बराच वेळ बसला. पाणी न मागता आणून ठेवलं.

चार ऑगस्टला पोचते. पलंग भिंतीला लावून ठेव. तुझ्या घोरण्याबद्दल मी बोलणार नाही, पहाटे चारला उठून मी भांडी वाजवते त्याबद्दल तू बोलायचं नाहीस. इतकी वर्षं माझ्यावर लोभ केलास, आता एका घरात राहून करून दाखव.

तुझी,
आक्का

ता. क. अंबरीषबरोबर माझ्यासाठी काही देऊ नकोस. मैथिलीला विचारलं तर काही नको म्हणते, तिचं ऐकू नकोस. थालीपिठाची भाजणी दे, दोन किलो, धणे जरा जास्त भाजून. आणि मेतकूट वेगळ्या डब्यात, घट्ट झाकणाच्या.