शिसवी पट्टीला तेल

दादा,

तुमची, माझी आणि तुमच्या गायन पार्टीतल्या सगळ्यांची तक्रार एकच होती आणि ती अजून संपलेली नाही. आपल्याकडे वाद्य वाजवून झिजत नाही, मान देऊन मरतं. सभेत हे बोलले असते तर टाळ्या पडल्या असत्या. आज सभा नाही. शनिवारची दुपार आहे. खर्डीच्या आपल्या घराच्या पडवीत मी खाली बसले आहे, तुमची गिटार मांडीवर आडवी आहे, तिच्या सगळ्या तारा काढलेल्या आहेत, आणि तुमचा धाकटा, माझा भाऊ, सकाळपासून माझ्याशी न बोलता आतल्या खोलीत बसला आहे. आई गेली, दादा. उद्या तिचं पुण्यानुमोदन. शेवटच्या महिन्यात ती कमी बोलायची, पण हे मात्र रोज बोलायची, "माझ्या कार्यक्रमाला रडत बसू नका. त्यांची गिटार वाजवा."

वाजवणारी आहे. धाकट्याची मुलगी. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलेलीही नव्हती. कल्याणला कॉलेजात जाते, तिथे मैत्रिणीच्या गिटारीवर शिकली, उरलेलं मोबाईलवर बघून. परवा तिने तुमची गिटार भिंतीवरून उतरवली, हात मानेवरून वर सरकवला आणि आई गं म्हणून मागे घेतला. अंगठ्याच्या बेचक्यात रक्त आलं होतं. मानेवरची शिसवी पट्टी इतकी कोरडी पडली होती की लाकूड आक्रसून धातूच्या पडद्यांची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती. पट्टीचा रंग चुलीतल्या राखेसारखा झाला होता. नखाने खरवडलं तर पांढरट भुकटी निघत होती. धाकट्याने ते रक्त बघितलं आणि लगेच निकाल दिला, "हात कापतो म्हंजे आता ती वाजवायची नाय राहिली. ठेवायची झाली." कुठे ठेवायची तेही त्याने आधीच ठरवलेलं होतं. शहापूरच्या सुताराकडून त्याने काचेची पेटी करून आणली आहे. ती इथे, माझ्यासमोर, पडवीतच उभी आहे. उद्याच्या कार्यक्रमानंतर गिटार तिच्यात जाणार आणि पेटी विहारात, तुमच्या फोटोशेजारी.

ती पट्टी अशी कशाने झाली, ते ऐका. तुमच्यामागे धाकट्याने दर जयंतीच्या आधी घर धुतलं. भिंती, भांडी, तसबिरी. आणि त्यांच्याबरोबर गिटारही. भांड्यांच्या पावडरीने, काथ्याने, घासून. मग उन्हात उभी करून वाळवली, खोबरेल चोपडलं, हार घातला आणि भिंतीला टांगली. दर वर्षी. खोबरेल कधी वाळत नाही, त्यावर धूळ बसली, त्याला खवट वास आला, म्हणून पुढच्या वर्षी आणखी जोरात घासली. मी त्याला म्हटलं, "अरे, लाकूड आहे ते, कढई नाही." तो म्हणाला, "बाय, दादांची वस्तू मळकी ठेवू काय मी?" त्याच्या हातून जे झालं ते मायेनेच झालं. पण माया आहे म्हणून लाकूड वाचत नाही.

तुम्ही तेल कसं लावायचात ते मला दिसतंय. भातकापणी उरकलेली आहे, पार्टीला गावोगावची बोलावणी येऊ लागली आहेत, आणि तुम्ही ड्यूटीवरून येऊन स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात. रुळांवर दिवसभर हातोडा मारलेल्या हातांनी तुम्ही तारा सैल करता, बाजूला काढता. आईकडे न बघता हात पुढे करता आणि ती खुरासणीच्या तेलाचा बुधला मागे ओढते. "तुमच्या गाण्यालापन माझ्याच बुधल्यातलं लागतं काय?" तुम्ही म्हणता, "दोन थेंब गो. तुझ्या भाजीपेक्षा कमी." फडक्यावर खरंच दोन थेंब. ते पट्टीवर, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, एका पडद्यापासून दुसऱ्या पडद्यापर्यंत. मग थांबणं. मग कोरड्या फडक्याने पुसणं, इतकं पुसणं की फडकं स्वच्छ निघालं पाहिजे. तुम्ही पुसायचं काम मला द्यायचात. लाकूड डोळ्यांदेखत गडद व्हायचं, करडं होतं ते तपकिरी, तपकिरी होतं ते जवळजवळ काळं, आणि त्यात जांभळट रेषा उमटायच्या. वसईच्या ज्या ख्रिस्ती रेल्वे गार्डने स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी ही गिटार तुमच्या हातात ठेवली, त्याने म्हणे जवसाचं तेल सांगितलं होतं. आपल्याकडे खुरासणी होती. तीही वाळणारी, म्हणून चालली.

पार्टीत पहिल्या दिवशी तुमची किती चेष्टा झाली होती. हार्मोनियम, ढोलकी, बँजो, आणि त्यात हे. ढोलकीवाले काका म्हणाले, "काय रे, हा विलायती भोपळा कुठून आणलास?" तुम्ही गिटारीची मान पुढे केली. "भोपळा असंल विलायती. पट्टी बघ, शिसव हाय. आपल्या रानातली." काकांनी पट्टीवर हात फिरवला, वास घेतला आणि म्हणाले, "मग बसव हिला आपल्यात." मी पुढे शेकडो सभांत आपल्या माणसांच्या हक्काबद्दल बोलले, पुष्कळ पुस्तकं वाचून बोलले. पण एखादी परकी वस्तू आपली कशी करून घ्यायची, ते मी त्या दिवशी पडवीत बसून बघितलं होतं.

आणि तुमचा तो बोल. मुरबाडची सभा, मी कॉलेजात, माझं पहिलं मोठं भाषण. लोक उभे राहिले होते. परत येताना टेम्पोत काका म्हणाले, "पोरगी आग लावते रे." दुसऱ्या दिवशी तुम्ही पट्टीला तेल लावता लावता म्हणालात, "काल तू नुसतं ओतलंस. लाकूड घेतं तेवढंच घेतं. वर राहिलं की चिकट होतं, धूळ धरतं." मला राग आला. थोडा अजून आहे. दादा, पिढ्यान्पिढ्या कोरड्या ठेवलेल्या माणसांसमोर उभं राहून थेंब मोजत बसायला मला जमलं नाही आणि ते मला पटतही नाही. तिथे ओतावंच लागतं. पण पुसायचं असतं, लोकांना मुरायला वेळ द्यायचा असतो, एवढं तुमचं मी आता मान्य करते.

गुरुवारी मी मुरबाडच्या बाजारात गेले. खुरासणीचं तेल आता कोणी सहज देत नाही. डोंगरावरून आलेल्या एका बाईकडे मिळालं. ती म्हणाली, "भाजीला पायजे काय?" मी म्हटलं, "नाही, गिटारीला." ती हसली. "मंग थोडंच न्या. ते काय जेवतं थोडंच." आधी टर्पेंटाइनच्या फडक्याने खोबरेलाचा खवट थर काढला. सुतार वापरतात त्या केसासारख्या बारीक तारेच्या लोकरीने पट्टी घासली, रेषांच्या दिशेने, आडवी अजिबात नाही. आक्रसलेलं लाकूड तेलाने पुन्हा मूळ मापाला येत नाही, एवढं मला कळतं, म्हणून पडद्यांची टोकं बारीक कानशीने घासून सपाट केली. मग तेल. पहिला हात पट्टी अशी प्याली की पुसायला काही उरलंच नाही. शुक्रवारी दुसरा. आज सकाळी तिसरा.

आजच्या तिसऱ्या हातावरच भांडण झालं. धाकटा बाहेर आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "काळी नाय झाली." मी म्हटलं, "तपकिरी झाली. शिसव तपकिरीच असते." तो आत गेला आणि बुटांच्या काळ्या पॉलिशची बाटली घेऊन आला. शहापूरहून आणून ठेवली होती. म्हणाला, "आई काळी पट्टी काळी पट्टी करत गेली. फोटोत बघ. काळीकुट्ट हाय." मी म्हटलं, "अरे, फोटोच काळा-पांढरा आहे. त्यात आईचं हिरवं लुगडंपण काळं आहे. त्यालापण पॉलिश करणार का?" मुलगी हसली. तिथेच चूक झाली. मुलीसमोर त्याचं हसू झालं.

मग मी थांबले नाही. म्हटलं, हे पॉलिश लाकडाची छिद्रं बुजवेल, पुढे तेल आत जाणार नाही, आणि उद्या पहिल्याच गाण्यात हिची बोटं काळी होतील. तो म्हणाला, "वाजवायचंच कशाला? काचेत ठेवायची हाय." मी म्हटलं, "आपल्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव भातसा नदीत सोडले. देव्हारा फोडून त्याची फळी केली. त्याच घरात तू काचेचा देव्हारा आणलास?" तो म्हणाला, "देव नाय. आठवण हाय ती." आणि मग, अगदी हळू, "तू तीन दिवस लाकडाला तेल लावतेस. आईच्या पायांना दोन वर्सं कोण लावत होतं?" मुलगी म्हणाली, "पप्पा, पुरे." तो आत गेला. जाताना उंबऱ्यातून म्हणाला, "उद्या वस्तीलाच विचारू. वस्ती सांगंल तसं."

आता खरी भीती कशाची आहे ते सांगते. उद्या सगळी वस्ती येईल. पार्टीतले दोघं म्हातारे येतील, ढोलकीवाले काकाही. पेटीला पुष्कळांचा होकार आहे. काच चकचकीत आहे आणि लोकांना मान दिल्याचं समाधान हवं आहे. पण मी उठून उभी राहिले तर वारं फिरेल. मला माझा आवाज माहीत आहे. भाषण मनात तयारही झालं आहे, सकाळपासून त्याची वाक्यं आपोआप जुळत आहेत. देव्हारा, भातसा, आजोबा, शिसव, रान. शेवटी मी मुलीच्या हातात गिटार देईन आणि विचारेन, हिला द्यायची की काचेला? सगळे एकच उत्तर देतील. मी जिंकेन. आणि माझा भाऊ, ज्याने आईला उचलून न्हाऊ घातलं, तो आईच्या फोटोसमोर, स्वतःच्या मुलीसमोर, अख्ख्या वस्तीत हरेल. त्यानंतर या घरात गिटार वाजत राहील आणि आम्ही दोघं कधी एका पंगतीला बसणार नाही. मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. गिटार काचेत जाता कामा नये, ती त्या मुलीच्या हातात गेली पाहिजे, यात मी तसूभर हलणार नाही. पण हे वस्तीला सांगायचं नाही. त्याला एकट्याला सांगायचं आहे, आणि मला एकट्या माणसाशी बोलायची सवय उरलेली नाही. हजार माणसं समोर असली की मला घाम फुटत नाही. आता फुटतो आहे.

शेवटचं फडकं आत्ताच फिरवलं. स्वच्छ निघालं. पट्टी गडद झाली आहे, ओल्या मातीसारखी. मधे पाचव्या-सातव्या पडद्यापाशी, जिथे त्याने जास्त घासलं, तिथे दोन फिके डाग राहिले आहेत. ते जाणार नाहीत. पॉलिशची बाटली अजून माझ्या पायाशी आहे, तिचं झाकण उघडलेलं नाही. मुलीने काल कल्याणहून नव्या तारा आणल्या, त्या पुडीतच आहेत. ती दोनदा बाहेर येऊन बघून गेली. आत तिच्या बापाच्या खाटेची करकर ऐकू येते. तो झोपलेला नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही. मेलेला माणूस ऐकत नाही, असं मीच गावोगाव ठणकावून सांगितलं आहे आणि ते खरं आहे. तरीही इतकं लिहिलं, कारण तुमच्याशी बोलणं सोपं होतं, तुम्ही उलटून विचारत नाही. एक गोष्ट मात्र मी आजवर कोणाला सांगितली नाही. मला तार लावता येत नाही. कुठल्या खुंटीला किती वेढे, कुठली आधी ताणायची, मान वाकू नये म्हणून हळूहळू किती चढवायची, हे तुम्ही त्याला शिकवलंत. मला फक्त पुसायला दिलंत. तो ते जाणून आहे, म्हणूनच आत बसला आहे. मी हाक मारते का, एवढंच बघतो आहे. तेव्हा आता तुम्हाला लिहिणं थांबवते आणि त्याला हाक मारते.

धाकट्या, बाहेर ये. तारा तू लाव.