तिसऱ्या कडव्याआधीचा श्वास

स्टाव्हनेस,
९ नोव्हेंबर, रविवार

यार्ले,

बाळा म्हणायचं तुझं वय राहिलं नाही, तरी थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे.

मी बरी आहे. गुडघा दुखतो. मासे कापायच्या शेडमध्ये जन्मभर उभं राहून कुणाचा धड राहिलाय? बटाटे यंदा चांगले आले. आईच्या थडग्याजवळचं बर्चचं झाड वाऱ्याने पडलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. लिहिण्याचा मला कंटाळा आहे, तेव्हा एकदाच नीट वाच.

तुझा दाजी हाल्वर बरा नाही. ताप-बीप काही नाही. त्याने सगळं विकायला काढलंय; शनिवारी मोल्देहून एक माणूस येतोय, स्पीकर, हेडफोन, सगळं उचलून नेणार. मी म्हटलं, "अरे, मग संध्याकाळी करणार काय?" तर म्हणतो, "खिडकीतून बघेन." नोव्हेंबरात खिडकीतून काय दिसतं, डोंबल?

तुमच्या गाणी ऐकणाऱ्यांच्या मंडळातल्या त्या संध्याकाळचा बोल मी तुला लावत नाही. नियम मलाही पाठ आहे. फरक ऐकू येतो असं जो म्हणेल त्याने खुर्चीत बसायचं, यंत्रावर चादर टाकायची, आवाज सारखा ठेवायचा आणि सीडी लावायची की डाउनलोडची मोठी फाईल ते नाणं उडवून ठरवायचं. स्पीकरसाठी महागड्या जाड तारा विकत घेतल्या म्हणून ओदवारला ह्याच खुर्चीत बसवून हाल्वरनेच रडकुंडीला आणलं होतं. ओदवार संधीची वाटच बघत होता; त्या संध्याकाळी हाल्वर खुर्चीत बसला आणि निम्म्या वेळा चुकला.

मी तिथेच वॅफल भाजत होते, सगळं ऐकलं. ओदवार म्हणाला, "काय रे हाल्वर, नाण्यालाच विचारलं असतं तरी एवढं बरोबर आलं असतं. त्या फाईलमधलं जास्तीचं माणसाला नाही, वटवाघळांना ऐकू येतं. तुझे कान जहाजं ठोकून ठोकून कधीच गेले." सगळे हसले. तूही हसलास. हाल्वरही हसला, म्हणाला, "पुढच्या वेळी वॅफल माझ्याकडून."

गाणं कुठलं होतं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिचं नाव कुणी घेतलं नाही. मी घेते. सुन्निवा. चर्चमध्ये ते गाणं तूच ध्वनिमुद्रित केलंस, तिसरं कडवं तुझी भाची एकटी गाते. त्याच हिवाळ्यात वळणावरच्या बर्फावर तिची गाडी घसरली आणि ती गेली.

सीडी तेव्हापासून घरात आहे, कपाटात उशांच्या मागे. हाल्वरने कधी लावली नाही. मीही नाही. मग तुम्ही तीच गाणी मोठ्या फाईली करून विकायला काढलीत, तेव्हा त्याला धीर आला. ही जणू दुसरीच वस्तू. हेडफोन लावून बसला आणि मला हाक मारली, "सोलफ्रिद, तिसऱ्या कडव्याआधी ती श्वास घेते. असं बारीक सीडीत येत नाही." सीडी ऐकली होती कुठे ह्याने? पण मी गप्प बसले. रोज संध्याकाळी तो तेवढ्यासाठीच बसायचा.

आता नीट लक्ष दे. खुर्चीत बसून त्याने दर वेळी एकच उत्तर दिलं, "ही मोठी फाईल." तुम्हाला वाटलं, हट्टी आहे. अरे, दर वेळी त्याला तिचा श्वास ऐकू येत होता. घरी आल्यावर दोन दिवसांनी बोलला, "सीडी लावलेली असतानाही मला ती ऐकू आली. नाही तिथे ऐकू येते, म्हणजे माझ्याच डोक्यात आहे ते. इतके दिवस मी आपलाच श्वास ऐकत बसलो." तेव्हापासून हेडफोन नावेच्या खोपीत पडलेत.

मंगळवारी तो लाकडं आणायला गेला, तेव्हा मी उशा काढल्या. स्वयंपाकघरातल्या जुन्या रेडिओत सीडी जाते, त्यात लावली. तिसऱ्या कडव्याआधी ती श्वास घेते. त्यात जरासं नाक ओढलेलंही आहे. त्या दिवशी तिला सर्दी होती, मीच गळ्याला लोकरीचा पट्टा गुंडाळून पाठवली होती. माझे बटाटे करपले.

हाल्वरला सांगितलं. म्हणाला, "तुला? केटली शिटी मारून थकली तरी तुला ऐकू येत नाही. माझं मन राखू नकोस." लावून दाखवते म्हटलं, तर उठून बाहेर गेला.

माझं तो मानत नाही. तुझं मानेल. आवाजाच्या बाबतीत तू कुणाचं मन राखत नाहीस, हे त्याने चांगलं बघितलंय. म्हणून शुक्रवारच्या बसने ये. चर्चमधलं मूळ ध्वनिमुद्रण तुझ्याकडे असेल तर तेही आण. मंडळाची चादर आण. त्याला आमच्याच बैठकीत, त्याच्याच खुर्चीत बसव. मोठी फाईल कुठली नि सीडी कुठली ते विचारू नकोस. ती श्वास घेते तेव्हा हात वर कर, एवढंच सांग. मग चादर काढ आणि काय लावलं होतं ते दाखव.

दोन्हीत फरक नाही असं तुम्ही म्हणता ना? तेच त्याला येऊन सांग.

माशाचं सूप करून ठेवते. ओदवारला बोलावणार नाही. हेडफोन मी खोपीतून आणून पुसून ठेवलेत.

तुझी ताई,
सुन्निवाची आई