शुक्रवारचं वजन

प्रिय सिरीन,

हे पत्र तुला टॅक्सीवाला मुन्सिफ तेलाच्या डब्याबरोबर देईल. आधी पत्र वाच, मग डबा उघड, आणि वाचून झालं की पत्र फाडून टाक. फोनवर हे बोलता आलं नसतं. फोन दिवसभर तुझ्या आईच्या खिशात असतो, आणि तिचे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे. तेल कसं साठवायचं ते लिहून देतोय, असं मी तिला सांगितलंय. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला जास्त संशय येतो.

तू म्हणशील, बाबांना कशाचा संशय येत नाही? खरं आहे. तेलघाण्याच्या दारात चौतीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाला दुसरं काय येणार? ऑलिव्हची पोती हौदात भिजवून आणणारे, तळाशी दगड घालणारे, माझ्या तब्येतीची चौकशी करता करता काट्याच्या फळीवर हळूच एक पाय टेकवणारे, सगळे माझ्या डोळ्यांखालून गेले. घाण्याचा मालक म्हणायचा, हा तिजानी स्वतःच्या सावलीचंही वजन करून घेईल. मी निवृत्त झालो तेव्हा त्यानं तोच जुना काटा मला देऊन टाकला. अंगणात लिंबाखाली आहे तो. तू लहानपणी त्याच्यावर चढून दांडीवरचा गोळा सरकवायचीस आणि माझा मार खायचीस.

नोव्हेंबरात तुझ्या आईच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे गेलो होतो, ते तुला सांगितलं होतं. ते म्हणाले, गुडघा बदलतो, पण आधी वजन अठ्ठ्याऐंशीवरून ऐंशीवर आणा, मगच परत या. घरी येताना ती टॅक्सीत एकच गोष्ट बोलत होती. ऑगस्टात सिरीनचं लग्न, आणि लग्नानंतर आपल्या रीतीप्रमाणे तुम्ही दोघं बरकतीसाठी मासा ओलांडाल तेव्हा तिला काठीशिवाय तुमच्या शेजारी उभं राहायचंय. ‘काठी टेकत आलेली सासू बघून जावई घाबरेल,’ म्हणाली. तेव्हा सगळं त्या आठ किलोंवर अडलेलं होतं, निदान मला तसं वाटत होतं.

डॉक्टर म्हणाले, वजन आठवड्यातून एकदाच करा. तोच वार, तीच वेळ, सकाळी उपाशीपोटी, अंगावर तेच कपडे. मला ते पटेना. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, आमच्याकडे प्रत्येक खेपेला प्रत्येक पोतं चढायचं, आठवड्यानं एकदा बघितलं असतं तर घाणा बुडाला असता. ते हसले. म्हणाले, ‘सी तिजानी, पोतं खारट खात नाही आणि पाणी पीत नाही. माणसाचं वजन रोज किलोभर इकडे तिकडे होतं. रोज बघाल तर रोज भांडाल.’

मी रोजच केलं, आणि रोज भांडलो. रविवारी कुसकुस झालं की सोमवारी काटा पाऊण किलो वर, आणि माझा आवाज त्याच्याही वर. बाराव्या दिवशी ती काट्यावरून उतरली, काठी आपटली आणि म्हणाली, ‘मी काय पोतं आहे? डॉक्टरनं शुक्रवार सांगितलाय, मी शुक्रवारीच चढेन. रोज तोलायची हौस असेल तर तुम्ही चढा.’ मग शुक्रवार ठरला. न्यायाला धरून मीही तिच्यामागून चढू लागलो. अंगावर तेच कपडे हवेत म्हणून तिनं तिचा तो तपकिरी लोकरी झगा पेटीतून काढून अंगात चढवला, तुझ्या आजीचा. मी म्हटलं, एवढा जाड कशाला? तर म्हणे, थंडी आहे. डिसेंबर होता, थंडी होती, मला पटलं.

वजन आधी बरं उतरत होतं. साडेसत्त्याऐंशी, सत्त्याऐंशी, शहाऐंशी. आणि मग काटा शहाऐंशीवर जो बसला तो उठेना. आठ शुक्रवार शहाऐंशी. दहा ग्रॅम कमी नाही, दहा ग्रॅम जास्त नाही. माझं स्वतःचं वजन एकाहत्तर, साडेसत्तर, पुन्हा एकाहत्तरच्या वर, असं हलत होतं, कारण मी जिवंत माणूस आहे. सिरीन, जो माल दर वेळी तेवढाच भरतो, तो कुणीतरी तेवढा भरवलेला असतो. हे मला तिसऱ्याच शुक्रवारी कळायला हवं होतं. पण मी नको तिथं शोधत बसलो.

मला वाटलं, ही चोरून खाते. ताटात तर तीन चमचे घ्यायची आणि भाकरीचा तुकडा बोटांनी चुरत बसायची. मग शहाऐंशी येतात कुठून? मी स्वयंपाकघरातली फडताळं तपासली. मक्रूडचा, त्या खजुराच्या गोड वड्यांचा, डबा मोजून ठेवला. त्यातलं एकही मक्रूड कमी झालं नाही. तेव्हा माझा संशय शेजारच्या दलेंदाखालावर गेला. दर मंगळवारी दोघी बरोबर हमामात जायच्या आणि दुपार कलल्यावर यायच्या. दलेंदाच्या हातची गोडं खाऊन अख्खी गल्ली जाड झालीय. एका मंगळवारी मी दारातच उभा राहिलो. तुझी आई आली, डोक्याला रुमाल बांधलेला. मी तो सहज सरकवल्यासारखा केला. केस कोरडे. अंगाला साबणाचा वास नाही, केसांना धुवायच्या मातीचा नाही. हमामातून कोरडी आलेली बाई मी जन्मात पाहिली नव्हती.

त्या दिवशी मी तिला फार बोललो. म्हटलं, तू दलेंदाकडे बसून खातेस आणि मला हमाम सांगतेस. लेकीच्या लग्नात काठी टेकत उभी राहा मग. तिनं ऐकून घेतलं. एरवी माझ्या एका वाक्याला तिची तीन असतात. त्या दिवशी म्हणाली, ‘हो, खाते. काय करू, जीभ ऐकत नाही.’ आणि आत जाऊन आडवी झाली. खाई त्याला खवखवे, असं मनात म्हणून मी खूश झालो. हे तुला लिहिताना मला माझी लाज वाटते.

मग डब्याची गोष्ट. घाण्यावरच्या पिंपांची शिशाची सिलं मी कापायचो आणि जपून ठेवायचो, तुला आठवत असतील. कोठीत खालच्या फळीवर त्यांचा डबा आहे, बारा किलोंचा. उंदरामागे फळी हलवायला गेलो आणि डबा एका हातात वर आला. हाताला वजन कळायला मला काटा लागत नाही. पाच किलोही नव्हता. आत वर वर सिलं पसरलेली आणि खाली जुनी फडकी कोंबलेली. पोत्यात दगड घालणारा वर ऑलिव्ह पसरतो, तसंच. मला आधी वाटलं, हिनं शिसं भंगारवाल्याला विकलं. मग मनात आलं, भंगारवाल्याला विकायचं तर फडकी कशाला कोंबील? कुठंतरी पाणी मुरतंय.

पुढच्या मंगळवारी ती गेल्यावर मी तो झगा खुंटीवरून काढला. नुसता काढतानाच कळलं. खालची दुमड, बाह्यांच्या घड्या, पाठीचं अस्तर, सगळीकडे फडक्यात गुंडाळलेली सिलं बारीक टाक्यांनी शिवलेली. शेवटचे टाके वेडेवाकडे होते. मी झगा काट्यावर ठेवला. आजीचा झगा दोन किलोंचा. हा साडेनऊ भरला.

सिरीन, मी जन्मभर चोर पकडले. वजन वाढवून आणणारा आपला माल विकायला आलेला असतो. ज्या बाईला वजन उतरवायचंय ती अंगावर शिसं कशाला शिवेल? मी अंगणात उभा राहून वजाबाकी केली. शहाऐंशीतून झग्याचे साडेनऊ गेले की साडेशहात्तर. डॉक्टरांचे ऐंशी तिनं कधीच मागे टाकले होते. ऑपरेशन तिच्या हातात आलं होतं आणि ती ते माझ्यापासून लपवत होती. ताटातले तीन चमचे मला तेव्हा आठवले.

मी दलेंदाच्या दारात जाऊन बसलो. टॅक्सी आली. तुझी आई माझ्याकडे न बघता घरात गेली. दोन्ही पाय ओढत होती, नुसता दुखऱ्या गुडघ्याचा नाही. दलेंदा मला टाळून आत जायला लागली, तेव्हा मी म्हटलं, बाई, तुझ्या घरातली सगळी गोडं मी माफ केली, फक्त खरं सांग. ती उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, ‘सी तिजानी, मंगळवारी आम्ही हमामात जात नाही. इस्पितळात जातो. मला कुराणाची शपथ घातलीय तिनं, आणि मी आत्ता ती मोडली.’ पोटात गाठ आहे, स्वादुपिंडाशी. डिसेंबरातच कळलं. कापण्यासारखं नाही. औषध देतात, ते दुखण्यावरचं. डॉक्टरीणबाईंनी वसंतापर्यंत बरं राहील म्हणून सांगितलंय. ऑगस्टचं कुणी काही बोलत नाही.

तिनं का लपवलं, ते दलेंदानंच सांगितलं. मागच्या वर्षी माझ्या छातीत कळ आली आणि तू ठरलेलं लग्न पुढे ढकलून दोन महिने माझ्या उशाशी बसलीस. अनीसची आई, तुझी होणारी सासू, तेव्हा जे बोलली ते तुझ्या आईच्या मनातून गेलेलं नाही. ‘माझं कळलं तर सिरीन पुन्हा तेच करील,’ असं म्हणाली दलेंदाला, ‘आणि या खेपेला ते लोक थांबणार नाहीत. आणि या माणसाला काट्यावर कळलं की दहा मिनिटांत तिच्या कानावर जाईल.’ म्हणून शिसं. माझाच काटा, माझंच शिसं, आणि फसवलेला मी. इतकं स्वच्छ काम घाण्यावर चौतीस वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला.

मला कळलंय, हे मी घरी तिला कळू दिलं नाही. पण साडेसात किलो शिसं अंगावर घेऊन ती काट्याची पायरी चढते, ते आता मला बघवेना. काढ म्हणावं तर सगळंच उघडं पडतं. मग मी एक केलं. चौतीस वर्षांत मी कुणाच्या मालाला खोटा काटा लावला नाही, लोक घाण्यावर शपथ माझ्या काट्याची घ्यायचे. गुरुवारी ती झोपली असताना मी फळीखाली दीड किलोचा पासंग बांधला. शुक्रवारी काट्यानं साडेसत्त्याऐंशी दाखवलं. मी वहीत तेच लिहिलं आणि ओरडलो, मबरूका, हे काय, वाढलं? ती दांडीकडे बघत राहिली. पुढच्या शुक्रवारी बरोबर शहाऐंशी. मी कोठीत जाऊन डबा उचलून पाहिला, दीड किलोनं जड. तेव्हापासून दर आठवड्याला मी थोडा पासंग वाढवतो आणि ती तेवढं शिसं उसवून परत डब्यात टाकते. डबा आता दहावर आलाय. माझ्या एकट्याच्या वेळी मी काट्याकडे बघतही नाही, कारण तो आता माझं वजनही खोटंच सांगतो.

आता हे का लिहिलं ते सांगतो. तू इकडे येऊन तिच्या उशाशी बसू नकोस. ते तिला मारून टाकील. लग्न अलीकडे आण. ईद झाली की लगेच, फार तर दुसऱ्या आठवड्यात. कारण तूच शोध, अनीसची बदली होतेय म्हण, हॉल ऑगस्टात मिळत नाही म्हण, काहीही. अनीसला खरं सांग, त्याच्या आईला सांगू नकोस. ज्या बाईनं मला दोन महिने फसवलं तिची तू मुलगी आहेस, तुला एक खोटं नीट बोलता येईल. मासा मी स्वतः बंदरावरून आणीन, चांगला पाच किलोंचा, आणि त्याचं वजन खरं असेल. तुझी आई काठी टेकूनच उभी राहील, त्याला इलाज नाही. तिला कळलंय की काय, हा संशय मात्र माझ्या मनातून जात नाही. परवा काट्यावरून उतरताना माझा हात धरून म्हणाली, ‘सी तिजानी, तुमचा काटा म्हातारा झाला, पण मनानं चांगला आहे.’ मी म्हटलं, चल, चोरून खाणारी बाई तू, तुला काट्यातलं काय कळतं. ती हसली. तू येशील तोवर झग्यात शिसं उरणार नाही, एवढं मी बघतो. दारात ती तुला जवळ घेईल तेव्हा हाताला काहीच लागणार नाही. दचकू नकोस. एरवी धरायचीस तशीच घट्ट धर.

तुझाच संशयी,
बाबा