झऱ्याची दुरुस्ती

ती. दादास धाकट्याचा नमस्कार.

तू, वहिनी आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालतो. इकडचं विचारशील तर माझं डावं पाऊल भाजलं आहे आणि ते उशीवर ठेवून हे पत्र लिहितो आहे. बाकी ठीक. (बाकी म्हणजे उजवं पाऊल.) फोनच करायचा, पण आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच असलो तरी या दोन खोल्यांत बाबांना ऐकू जाणार नाही अशी जागा नाही, आणि जिना उतरायची सध्या माझी टाप नाही.

एक तारखेला तू बाबांना कायमचं न्यायला येणार हे ठरल्यापासून त्यांनी धोशा लावला होता, की त्याआधी गुडघे बरे करायचे. सूनबाईंसमोर भिंत धरून चालायचं नाही म्हणे. (माझ्यासमोर चार वर्षं भिंत धरून चालतात, त्याचं काही नाही.) डॉक्टर झाले, तेलं झाली, मग त्यांच्या बॉयलरवरच्या एका जुन्या सोबत्याने सांगितलं की डोंगरापलीकडे गरम पाण्याचा झरा आहे, त्यात तासभर बसलं की माणूस पळत घरी येतो. मी म्हणालो, तिथे ना रस्ता, ना खोली, ना बसायला बाकडं. तर म्हणाले, "मी काय बाकड्यावर बसायला चाललोय?" झालं. चष्म्याच्या दुकानातून मी रजा मागितली. मालकाने कारण विचारलं. आंघोळीला जायचंय म्हटल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचा नंबर मला अजून लागलेला नाही.

जीपवाल्याने रस्ता संपला तिथे उतरवलं आणि हाताने एक दिशा दाखवली. तासाभराची पायवाट, आम्हाला दोन तास लागले. दर शंभर पावलांवर बाबा थांबत आणि मी दमलोय असं जाहीर करत. (मी म्हणजे मी. ते स्वतः कधीच दमत नाहीत.) पुढे कुजक्या अंड्यांचा वास सुटला. बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी शपथ घेतली, पण झरा दिसेपर्यंत त्यांचा विश्वास बसला नाही.

झरा म्हणजे खडकातून निघणारी वाफ आणि एकाखाली एक तीन डबकी. गवत कापणाऱ्या एका बाईने तिथली व्यवस्था समजावून दिली: वरच्यात बटाटे, मधल्यात म्हशी, खालच्यात माणसं. वर खरोखरच फडक्यात बांधलेले तिचे बटाटे शिजत होते. मधे तीन म्हशी डोळे मिटून बसल्या होत्या; इतकं सुखी मी आपल्या घराण्यात कोणाला पाहिलेलं नाही. आणि माणसांचं डबकं थंडगार. पुरात दगड सरकले तेव्हापासून गरम पाणी तिथवर येतच नाही, असं बाई म्हणाली. गुडघे तिचेही दुखत होते, पण सांगते कोणाला?

इथे माझं नशीब फुटलं. दादा, चौतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्याचा बॉयलर सांभाळलेल्या माणसासमोर पाण्याची तक्रार करायची नसते. बाबांनी खिशातून थर्मामीटर काढला (टॉवेल घरी विसरले होते, थर्मामीटर नाही), तिन्ही डबक्यांत बुडवला आणि "लाइन चोक आहे" असं निदान केलं. मग ते खडकावर बसले आणि मी दगड उचलू लागलो. हा इकडे, तो तिकडे, अरे तिकडे म्हणजे तिकडे, चष्म्याच्या दुकानात काम करतोस ना? वरून गरम पाण्याची धार, ओढ्याकडून गार पाण्याची, दोन्ही खाली मिसळली पाहिजेत. पाणी कढत झालं की दगड लावा, कोमट झालं की काढा. असे चार तास. शेवटी माझा पाय घसरला तो थेट बटाट्यांत. मी बोंब ठोकली. म्हशींनी डोळे उघडले. बाबा थर्मामीटरवरची नजर न काढता म्हणाले, "गप रे! एक्केचाळीस! मापात आलं!"

तोवर जीपची वेळ झाली. बाईने दोघी मैत्रिणींना हाका मारून आणलं, तिघी गुडघ्याएवढ्या पाण्यात बसल्या, त्यातली एक तर रडायलाच लागली. बाबा नुसते उभे राहून बघत होते. आम्ही दोघं कोरडेच निघालो. (माझा पाय धरत नाही.) येताना मी लंगडत, आणि वाटेत भिंत नसल्यामुळे ते माझा खांदा धरून. आई गेल्यापासून पहिल्यांदा ते वाटभर बोलले, तेही व्हॉल्व्हबद्दल. मी हं हं करत होतो आणि एक तारखेला किती दिवस राहिले ते मोजत होतो. फार वाईट वाटलं रे.

तर असा हा माणूस तुझ्याकडे येतो आहे. गुडघे पहिल्यापेक्षा वाईट. सांभाळ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. वहिनींनी बाबांच्या सवयी विचारल्या होत्या. दुसरा चहा अर्धाच पितात, पण कप भरून द्यावा. अर्धा दिला तर राग येतो. रेडिओ कोणी ऐकत नसलं तरी बंद करू नये. नळ गळत असेल तर आधीच दुरुस्त करून ठेवावा. मी कामावरून येईपर्यंत ते जेवत नाहीत. (याचं तुमच्याकडे काय करायचं, ते मला सुचत नाही.)

ता. क. दुसरा. नेऊ नकोस रे त्यांना. जागेची अडचण झाली असं फोन करून सांग. माझं नाव काढू नकोस. मी अडवतोय असं कळलं तर मुद्दाम बॅग घेऊन दारात उभे राहतील. पत्र पोस्टात टाकायला त्यांनाच पाठवतोय, इलाज नाही. घरातला डिंक संपलाय, पाकीट तिथेच चिकटवतील. दुसऱ्याचं पत्र ते वाचत नाहीत, एवढा एक गुण त्यांच्यात आहे.

ता. क. तिसरा, माझ्या हातचा. चि. थोरल्यास आशीर्वाद. पाकीट उघडं होतं. तुझ्याकडे यायला मी कबूल झालो ते याचं लग्न व्हावं म्हणून. म्हाताऱ्याचं करावं लागेल या धास्तीने याच्या घरात कोणी यायला तयार होत नाही, असं मला वाटे. पत्र वाचून खात्री पटली की अडचण मी नसून हा स्वतःच आहे. सबब माझं येणं रद्द समजावे. तू मात्र याने लिहिलंय तसाच फोन कर, जागा नाही म्हण. मी वाचलं हे कळलं तर हा लाजेने आठवडाभर माझ्याशी बोलायचा नाही, आणि मला बोलायला दुसरं कोणी नाही.