दोन पितळी वॉशर

९ जानेवारी, भंडारा
बाबांना दवाखान्यातून आणून चार दिवस झाले. छातीचं ऑपरेशन नीट पार पडलं, पण भट्टीपासून लांब राहायचं म्हणून चिडचिड. जन्मभर पितळ ओतलेला माणूस खाटेवर किती बसेल?
सकाळी बॅगेत चार्जर शोधताना बाजूच्या खिशात स्टीलचे दोन वॉशर सापडले. पिशवीसकट. हे इथे कसे? हे तर आमच्या संस्थेतल्या प्लाझ्माच्या यंत्रात, अँटेनाजवळच्या पट्टीवर असायला हवेत.
मग आठवलं. यंत्र उघडलं होतं तेव्हा माप बघायला बाबांनी लेथवर काढून दिलेले दोन पितळी लावले होते. पाच मिनिटांसाठी. मग जेवायला गेलो आणि...
यंत्राच्या आतल्या निर्वातात पितळ नेत नाहीत, हे नवख्याला पहिल्याच दिवशी सांगतात. सांगतो मीच.

१० जाने.
बाबांना सहज विचारलं, पितळ फार तापलं तर? "जस्त पहिले पळते. पांढरा धूर दिसला का समज, गेलं. तांबं मांगं राह्यते. तुले एवढंबी आठवत नाही?"
लॅपटॉपवर यंत्रातल्या प्रकाशाचे जुने वर्णपट काढले. अँटेना सुरू झाली, आतला विद्युतभारित वायू, प्लाझ्मा, तापायला लागला की लगेच तांब्याची रेषा. तिच्याबरोबर आणखी एक बारीक. तेव्हा गोंगाट म्हणून सोडून दिली होती. जस्ताची आहे.
काखेत कळसा न् गावाला वळसा.

११ जाने.
सगळं लिहून ठेवतो, म्हणजे पळता येणार नाही. रेडिओलहरींनी तापवताना अँटेनाजवळ आयन भिंतीवर जोरात आदळतात, भिंतीचे अणू उडून प्लाझ्मात शिरतात, प्लाझ्मा गार पडतो. ते थांबवायला आमच्या गटातल्या रेश्माने भिंतीच्या तांब्याच्या फरशांसाठी लेप बनवला. तीन वर्षं घालवली पोरीने. मग तांबं दिसलं, म्हणजे लेप उडाला, असा अहवाल गेला. सही माझी. १९ला बैठक, तिचं काम बंद करायचं की नाही यावर.
फोन केला नाही. बाबांचं दुखणं आहे ना. कारण खरं आहे, म्हणूनच जास्त लाज वाटते.

१४ जाने.
आईने तिळगूळ हातावर ठेवला तेवढ्यात संस्थेच्या प्रमुखांचा फोन. "रेश्मा रडत होती. पण लेपच कच्चा, आपण काय करणार?"
मी हो म्हणालो. हो म्हणालो!

१७ जाने.
बाबा सकाळपासून हट्टाला पेटले, नदीपलीकडे कारध्याला जायचं. "त्या मावशीले पाण्याचा पितळी गुंड देल्ला, त्याचा तळाचा सांधा कच्चा होता. मले माहीत होतं. दवाखान्याच्या घाईत देऊन टाकला."
डॉक्टरांची भीती घातली. ऐकतात कुठले! ऑटोने पूल ओलांडून गेलो.
मावशी, बाबांचं जुनं गिऱ्हाईक, दारातच. "अजी भाऊ, एवढं दुखणं घेऊन कायले आले? म्या त् तांदूळ भरले त्याच्यात. कुठं गळते?"
"पाणी भरशीन तवा गळन."
तांदूळ टोपलीत ओतून घेतले. येताना गुंड बाबांच्या मांडीवर, मला धरू देईनात. पुलावर म्हणाले, "तू काहून चूप चूप हायेस?"
काही नाही, म्हणालो.

१८ जाने.
प्रमुखांना सकाळीच मेल पाठवली. वॉशरचा फोटो, दोन्ही रेषा, सगळं. उत्तर नाही.
मग रेश्माला फोन. एका दमात सांगून टाकलं. ती शांतपणे म्हणाली, "यंत्र उघडल्याशिवाय काही सिद्ध होत नाही, दादा. तांबं थोडं पितळाचं, थोडं माझ्या फरशांचंही असेल." खरं आहे. आणि उघडायचं की नाही ते उद्याची बैठक ठरवणार.
मला वाटलं, झालं. हलकं वाटायला लागलं होतं.
"दादा, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"
नऊ दिवस, म्हणालो.