नाच नव्हे, कवायत

तिसगाव,
१५ नोव्हेंबर १९७०

ती. दादास,
धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर का झाला म्हणून रागावशील, म्हणून आधीच सांगते: मी नाचत होते. आईला पत्र वाचून दाखवताना ही ओळ गाळ.

तू शिक्षण खात्याच्या कचेरीत कारकून असल्याचा मला एवढा फायदा झाला की जिल्ह्यातली सगळ्यात भणभणत्या वाऱ्याची शाळा मिळाली. तिसगावपासून चालत जायची वाडी, दोन खोल्या, एक हेडगुरुजी आणि एक मी. दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या आणि माझी निम्मी पहिली आईबापांबरोबर गाडीत बसून गेली. उरलेल्यांना बाराखडी सांगितली की ती भिंतीकडे बघतात. भिंतच जास्त बोलकी आहे, त्यांचाही दोष नाही. मग एक दिवस मी रॉकेलचा रिकामा डबा वाजवला आणि सगळ्यांना तालावर फिरवलं. पोरं पाखरं झाली, पेरणी केली, वावटळ झाली. दुसऱ्या दिवशी पोरं घंटेच्या आधी हजर.

त्यात एक दगडी आहे. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हिचं नाव दगडाबाई ठेवलं, म्हणजे देवालाही नकोशी वाटावी. आईबाप तोडीला गेलेत. आजी रतनबाई रोजंदारीवर जाते, म्हणून धाकटा भाऊ दिवसभर हिच्या कडेवर. पोर खाली ठेवलं तरी ही कंबर बाहेर काढून वाकडीच उभी राहते. त्या दिवशी नाचताना तिनं दोन्ही हात एकदम वर केले आणि स्वतःच दचकली. हात दोन आहेत आणि दोन्ही आपलेच आहेत, हे तिला सहाव्या वर्षी कळलं. बाराखडीतून हे मला शिकवता आलं नसतं.

तेव्हा थोडी घुंगरं पाठव. वहिनीस नमस्कार. लोभ असावा, सल्ला नसला तरी चालेल.

तुझी,
मालन

---

नगर,
२४ नोव्हेंबर १९७०

चि. मालन हिस,
थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद.

ओळ गाळली. पण आईनं उशिराचं कारण विचारलंच, म्हणून ताप आला होता असं सांगितलं. आता ती काढ्याची पुडी पाठवते आहे. तुझ्यामुळे मी खोटं बोललो, तेव्हा काढा तू निमूट पी.

सरकार तुला पगार बाराखडीचा देतं. पाखरं व्हायला पोरांना बाई लागत नाही, ती आपोआप उडतात. तरीही घुंगरं घेतली. बाजारात जातीनं जाऊन, दणकट बघून घेतली आहेत. पाथर्डीच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली आहेत. आभार मानू नकोस, तुला जमणार नाही.

खरी बातमी वेगळी आहे. जामखेडहून स्थळ आलं आहे. मुलगा हायस्कुलात भूगोल शिकवतो, घरची जमीन आहे, नाव काकासाहेब. हसू नकोस, अजून तिशीही आली नाही बिचाऱ्याला. त्याच्या आई छबूबाई फार कडक शिस्तीच्या आहेत म्हणतात. नाताळच्या सुट्टीत ते नगरला बघायला येणार आहेत, तोवर माणसासारखी चालत राहा. वडील असते तर त्यांनी हे सगळं पाहिलं असतं. आता माझ्या डोक्यावर आहे, आणि ते डोकं तू शिल्लक ठेवावंस.

लोभ आहेच, तो घुंगरांत मोजू नये.

तुझा,
दादा

---

तिसगाव,
८ डिसेंबर १९७०

ती. दादास,
काढा पिऊन उरलेल्या मालनचा शि. सा. न. वि. वि.

दादा, तू पाठवलीस ती घुंगुरमाळ आहे. बैलाच्या गळ्यातली. दणकट आहे यात शंकाच नाही. नगरला राहून दादाला शेती आठवते, हे पाहून ऊर भरून आला.

तरी पोरांना ती इतकी आवडली की मी ती सोडवून एकेकाच्या पायात दोन-दोन बांधली. मग नाच सुरू झाला आणि अख्खी वाडी बाहेर आली. लोकांना वाटलं कुणाच्या तरी बैलगाड्या आल्या. त्यात पोलीस पाटील गहिनीनाथराव होते. गाड्या नाहीत, पोरी आहेत, हे पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हेडगुरुजींना विचारलं की साळंत फड उभा केलाय का, आमच्या पोरी काय नाचनारनी हायेत व्हय.

मढीच्या यात्रेत तमाशा लागतो तेव्हा हेच गहिनीनाथराव पुढच्या रांगेत सतरंजी टाकून बसतात. तिथं नाचणाऱ्या बाया बहुधा आभाळातून पडतात, कुणाच्या पोरी नसतात. पोरग्यांनी अंग हलवलं की लेझीम, मर्दानी. पोरींनी घरात फेर धरला की फुगडी, सोज्वळ. शाळेत तेच केलं की फड.

हेडगुरुजी मात्र देवमाणूस. त्यांनी लगेच खडू घेतला आणि फळ्यावरच्या वेळापत्रकात लिहिलं: कवायत. पाटलांनी वाचलं, मान हलवली, आणि पानाला चुना लावत गेले. पोरी तेच करतात, डबा तोच, बैलाचा आवाज तोच. मीही हसले आणि डबा पुढे वाजवला.

लोभ असावा, आणि पुढच्या वेळी दुकान बदलावे.

तुझी,
मालन

---

नगर,
४ जानेवारी १९७१

चि. मालन हिस,
आनंदी दादाचे आशीर्वाद.

तू तिकडे परतलीस आणि जामखेडचा निरोप आला. पसंत आहे! तू चहा देताना मान खाली घालायची सोडून सरळ त्याच्याकडे बघितलंस, हे आईनं पाहिलं आणि दोन दिवस जेवली नाही. पण मुलानं म्हणे घरी जाऊन तेवढीच गोष्ट सांगितली.

छबूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की मुलगी शाळेत काय काय शिकवते. मी म्हणालो: लेखन, वाचन, गणित, कवायत. कवायत ऐकून बाई इतक्या खूश झाल्या की दुसरा लाडू घेतला. तुझ्या हेडगुरुजींना माझा साष्टांग नमस्कार सांग. एका शब्दानं माझी बहीण उजवली.

माघात सुपारी फोडू. सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम तेवढा सांभाळ.

लोभ वाढता असावा, आवाज वाढता नसावा.

तुझा,
दादा

---

तिसगाव,
३१ जानेवारी १९७१

ती. दादास,
मालनचा शि. सा. न. वि. वि.

झेंडावंदन उत्तम झालं. पाटलांनी कवायतीचं कौतुक केलं आणि पोरांना पेपरमिंट वाटलं. दगडी सगळ्यांत पुढे होती. धाकट्याला तिनं हेडगुरुजींच्या मांडीवर नेऊन ठेवलं, विचारलं वगैरे काही नाही, आणि अशी नाचली की मी डबा वाजवायचं विसरले.

घरी जाऊन तिनं आजीला आनंदानं सांगितलं की मी आज नाचले. रतनबाईनं तिच्या थोबाडीत मारली. हेडगुरुजींना कळलं तेव्हा ते लगबगीनं गेले आणि समजूत घातली की नाच नव्हे, कवायत. रतनबाईला फार बरं वाटलं. कवायत आसंल तर काय बी हरकत न्हाई म्हणाली. सगळ्यांचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी मी डबा वाजवला, तर दगडी हात मांड्यांना चिकटवून उभी. ताठ, सावधान. हात वर कर म्हटलं तर शिपायासारखा एकच वर केला. मी जवळ गेले तर तिनं हळूच विचारलं की बाई, ही कवायतच हाय न्हवं? आणि बाकीच्या पोरींना बजावलं की कुनी इचारलं तर आमी न्हाई नाचलो म्हनायचं. तिला नीट कळलंय, दादा. चांगल्या गोष्टीचं नाव कुणी बदलत नाही. आपण केलं ते घाण होतं, म्हणून बाईंनी आणि गुरुजींनी मिळून ते झाकलं.

मला फार लाज वाटली. मी तशीच रतनबाईकडे गेले आणि सांगितलं की दगडी नाचली, मी शिकवलं, आणि फार सुंदर नाचली. मग शाळेत येऊन फळ्यावरची कवायत पुसली आणि मोठ्या अक्षरात नाच लिहिलं. हेडगुरुजी पाणी प्यायला गेले ते अजून पीत असावेत. पाटील म्हणतात की तक्रार करतील. ती तुझ्याच टेबलावर येईल. नीट शिक्का मार.

लोभ असावा, या महिन्यात जरा जास्त.

तुझी,
मालन

---

नगर,
१० फेब्रुवारी १९७१

चि. मालन हिस,
आशीर्वाद.

तक्रार आली. शिक्का नीट मारला. अक्षर पाटलांचं, शुद्धलेखन तुझ्या हेडगुरुजींचं.

तिसगावच्या आठवडी बाजारातून बातमी निघाली ती जामखेडला पोचेपर्यंत तू वाडीत फड काढला होतास आणि तुझ्याकडे बैल नाचत होते. छबूबाईंनी निरोप पाठवला की सुपारी राहू द्या. आई तेव्हापासून बोलत नाही. एरवी मी हे सुख मानलं असतं.

पण काल काकासाहेब स्वतः एस.टी.नं आले. माझ्यासमोर बसून म्हणाले की त्यांना नाचाचं काही वाटत नाही, लग्नानंतरही शिकवावा, जामखेडच्या पोरींनाही शिकवावा. फक्त त्यांच्या आईसमोर आणि फळ्यावर कवायत म्हणावं. आईला ते समजावतील.

मालन, असा मुलगा पुन्हा येणार नाही. मी थट्टा करत नाही, मला भीती वाटते. तुझं नाव गावोगाव झालं तर मी काय करू? एक शब्द तर आहे. तोही तू आधी वापरलेलाच. हो म्हणून कळव.

लोभ करतेस का, असं आज मीच विचारतो.

तुझा,
दादा

---

तिसगाव,
१६ फेब्रुवारी १९७१

ती. दादास,
मालनचा शि. सा. न. वि. वि.

काकासाहेब मला आवडले होते. चहा देताना मी बघितलं ते चुकून नव्हतं. त्यांनी ओसरीवर मला विचारलं होतं की तिसगावचा वारा कुठल्या दिशेनं येतो, आणि मी सगळ्या म्हणाले तेव्हा ते मोकळे हसले. इतका चांगला माणूस एवढ्या लांब येऊन एक शब्द मागतो, आणि मी तो द्यायला तयार होते. होकार कळवायला टपालाचं पाकीटही घेतलं होतं.

पण आज रतनबाई दगडीला घेऊन शाळेत आली. दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, नाचू द्या तिला, निदान तेवढा येळ तरी कंबर सरळ ऱ्हाती. मग ती धाकट्याला घेऊन वळचणीला बसली. दगडी आत आली, पण जागेवर गेली नाही. तिनं मला विचारलं की बाई, तुमी बी नाचता का? मी हो म्हणाले. मग तुमाला कुनी मारलं का, तिनं विचारलं. मी म्हणाले, नाही गं, कुणी मारलं नाही. तेवढ्यावर तिनं दोन्ही हात वर केले.

तुझं पत्र तेव्हा माझ्या पिशवीतच होतं.

काकासाहेबांना कळव की मालन नाच शिकवते. माझ्याकडून जमणार नाही असं नको लिहूस. नाच शिकवते एवढंच लिही, ते समजतील. मी आज वर्गात रडले नाही, ते आता रडते आहे. आईला वाचून दाखवताना यातली कुठलीही ओळ गाळू नकोस.

लोभ असू दे, दादा. नेहमीसारखं लिहायचं म्हणून लिहीत नाही, या वेळी खरंच हवा आहे.

तुझी,
मालन